चौथ्या ‘का’चं उत्तर

सुकन्यानं पांढऱ्या फळ्यावर चौथ्यांदा ‘का?’ लिहिलं, मार्करला टोपण लावलं आणि ती बाजूला होऊन उभी राहिली.

 उत्पादन विभाग सांभाळणारे रामहरीभाऊ छताच्या पंख्याकडे बघू लागले. डिसेंबर असल्यानं पंखा बंदच होता. कंपनीचे मालक कल्याणशेठ निमसे मोबाईल पालथा घालत होते आणि पुन्हा सुलटा करत होते. चाकणच्या गिऱ्हाईक कंपनीकडून आलेला हर्षल लॅपटॉपवर बोटं ठेवून वाट बघत होता. आणि दाराशी, खुर्ची रिकामी असूनही उभा, सुकन्याच्याच तपासणी विभागातला अमृत पालवे स्वतःच्या बुटांवरून नजर हलवत नव्हता.

वरचे तीन ‘का’ भराभर उरकले होते. चाकणला गेलेल्या मालाची भोकं मोठी का निघाली? मशीनची सेटिंग चुकली. सेटिंग का चुकली? भोक मोजायचं गेज चुकीच्या शून्यावर लावलं होतं. शून्य का चुकलं? ज्या मास्टर रिंगवर ते लावायचं, ती रिंगच आतून झिजली होती. मास्टर रिंग म्हणजे बांगडीएवढी एक जाड पोलादी कडी. कंपनीतलं सगळं मोजमाप शेवटी तिच्यापाशी येऊन थांबतं. ती बरोबर तर सगळं बरोबर. ती केसाच्या जाडीच्याही एका बारीक हिश्शानं मोठी झाली, आणि दसऱ्यापासून दिवाळीनंतरपर्यंत नागापूरच्या या कारखान्यातून गेलेला सगळा माल ट्रकच्या ट्रक भरून परत आला. आता तो आवारात ताडपत्रीखाली पडून होता. गेटातून आत येणाऱ्याला आधी त्याचंच दर्शन व्हायचं.

राहिला चौथा ‘का’. रिंग झिजली का?

“बोला ना,” हर्षल म्हणाला. “संध्याकाळपर्यंत माझ्या साहेबांकडे रिपोर्ट गेला नाही, तर पुढच्या वर्षीचं काम दुसऱ्याला जाईल. मग मला बोल लावू नका.”

“रामहरीभाऊ, तुम्ही सांगा,” सुकन्या म्हणाली.

“मी काय सांगणार मॅडम? गेजचं खातं तुमच्या क्वालिटीचं.” ते पंख्यावरून नजर न काढता म्हणाले. “वापरून वापरून झिजली असंल.”

“ऑगस्टमध्ये पुण्याहून तपासून आली तेव्हा अगदी बरोबर होती. पोलाद एवढ्या लवकर झिजत नाही, भाऊ. तुम्हाला माहीत आहे.”

“मंग पोलादच हलकं असंल.”

सुकन्याला वाटलं, मार्कर जमिनीवर आपटावा. या खोलीत बसलेल्या पाहुण्याखेरीज प्रत्येकाला उत्तर माहीत होतं. गेटवरच्या वॉचमनला माहीत होतं. कँटीनमधल्या छबूबाईंना माहीत होतं. फक्त ते तोंडातून बाहेर काढायची कुणाची छाती नव्हती.

“सर, खंडेनवमीच्या दिवशी...” तिनं सुरुवात केली.

“सुकन्या, चहा घे. गार होतोय,” कल्याणशेठ म्हणाले.

चहा अजून आलाच नव्हता.

“हाताळणीतला निष्काळजीपणा,” ते हर्षलकडे वळून म्हणाले. “रिंगचा ताबा अमृतकडे होता. कपाटाची किल्ली त्याच्याकडे. त्याच्याकडून ती नीट सांभाळली गेली नाही. आपण त्याला आजपासून कामावरून कमी करतोय. आणि यापुढे प्रत्येक गेजपाशी सूचनेचा फलक लावणार आहोत.”

फलक लावण्यात कंपनीचा हात कुणी धरला नसता. मागच्या वर्षी चुकीचा रंग लागला तेव्हा एक फलक लागला. त्याच्या आदल्या वर्षी पेट्यांवर चिठ्ठ्या उलटसुलट गेल्या तेव्हा दुसरा. प्रत्येक चुकीतून आपण काय शिकलो ते कल्याणशेठ मोठ्या अक्षरांत रंगवून घेत, आणि भिंती अशा भरून गेल्या होत्या की नवं काही शिकायचं म्हटलं तर जुनं उतरवावं लागलं असतं.

हर्षलनं मान डोलावली. “नाव आणि कारवाई लिहून द्या. मी तक्रार क्लोज करतो.”

अमृतनं बुटांवरून नजर काढली, एकदा फळ्याकडे बघितलं आणि तो दार ओढून बाहेर गेला.

खंडेनवमीला काय झालं होतं ते असं. त्या दिवशी कंपनीत मशीन चालत नाहीत. सगळं धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून पूजा होते, आणि पूजा कल्याणशेठच्या आई, रंगुबाई, करतात. पहिल्यापासून त्याच करत आल्या आहेत. ज्याच्यावर आपलं पोट चालतं ते प्रत्येक हत्यार पाटावर आलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. हातोड्या येतात, पाने-पकडी येतात, कानस येते. यंदा रामहरीभाऊंना उत्साह आला. सगळ्यांत मोठा मान मास्टर रिंगचा, ती का कपाटात बसून राहावी, म्हणून त्यांनी अमृतला ती काढून आणायला लावली. रंगुबाईंनी तिला गंध लावलं, हळदीकुंकू वाहिलं, वरून नारळाचं पाणी शिंपडलं. रात्रभर ती तशीच पाटावर राहिली. दसऱ्याच्या सकाळी तिच्यावर तांबूस डाग दिसला. सणाच्या दिवशी हत्यारावर डाग बरा नव्हे, म्हणून रंगुबाईंनी पॉलिश पेपर मागितला, आणि मांडी घालून, आतून-बाहेरून, चांगली लखलखेपर्यंत ती घासली.

भोवती सगळी कंपनी हात जोडून उभी होती. कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला. एका हातात रिंग, दुसऱ्या हातात पॉलिश पेपर, आणि तोंडावर समाधान. फोटोखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. सुकन्या त्या दिवशी शेवगावला माहेरी होती. आपट्याची पानं वाटता वाटता तिनंही फोटोकडे धड न बघता दोन हात जोडून पाठवले होते. काल रिंग चुकीची निघाली तेव्हा तिनं तो फोटो पुन्हा उघडला. तेव्हापासून तिचं डोकं तापलेलं होतं आणि त्यात ती स्वतःलाही सोडत नव्हती.

बैठक उठल्यावर ती कल्याणशेठच्या केबिनमध्ये गेली. भिंतीवर कंपनीचं कॅलेंडर होतं. त्यावर दर वर्षीप्रमाणे रंगुबाईंचा फोटो, डोक्यावर पदर, खाली ‘आमचे दैवत’.

“सर, अमृतनं काही केलेलं नाही.”

“रिंग बाहेर त्यानं काढली.”

“भाऊंनी मागितली म्हणून. आणि घासली कुणी?”

कल्याणशेठनी उठून दार लावलं. त्यांचा आवाज मवाळ झाला, आणि सुकन्याला तो मवाळपणाच जास्त झोंबला.

“हे बघ. आमचे वडील गेले तेव्हा नेवाशाच्या रस्त्याला आमची एक पत्र्याची शेड होती आणि आत एक लेथ मशीन. लोकांनी आईला सांगितलं, विकून टाका. तिनं पदर खोचला आणि स्वतः लेथवर उभी राहिली. मी बाजूला पोत्यावर बसून अभ्यास करायचो. आज मी तिच्या नावानं चाकणला कागद पाठवू? की बाबा, आमच्या आईनं घोळ घातला? उद्या पूर्ण एमआयडीसीत होईल ते.”

“मग अमृतच्या नावानं कसा पाठवता?”

“त्याला सुप्याला एका कंपनीत लावून देतो. माझी ओळख आहे. आईला यातलं अक्षर कळता कामा नये. तिनं मनाला लावून घेतलं तर जेवण सोडेल. मी तिला ओळखतो.”

सुप्याची ओळख सुकन्यानं यापूर्वीही ऐकली होती. तिच्या भरवशावर गेलेला एक जण आता रिक्षा चालवत होता.

तपासणीच्या टेबलाशी अमृत आपली चहाची कपबशी आणि जॅकेट पिशवीत भरत होता. पाथर्डीकडचा पोरगा. आई-बाप वर्षानुवर्षं ऊसतोडीला जाणारे. यंदा दिवाळीनंतर टोळीचा ट्रक गावात आला तेव्हा त्यानं त्यांना पहिल्यांदा घरीच थांबवून घेतलं होतं, आणि त्या दिवशी कंपनीत सगळ्यांना पेढे दिले होते. सुकन्याच्या हातावर पेढा ठेवताना, आता बापाचा कोयता माळ्यावर टाकला, एवढंच तो बोलला होता.

“तू बोलत का नाहीस?” ती म्हणाली. “तू तिथंच उभा होतास.”

“काय बोलू मॅडम? आईंचं नाव घेऊ?”

“त्यांनी घासली ना?”

“घासली. मी शेजारीच हुतो. मनात आलं, आई, ही घासायची नसती म्हणावं. पन पूजा चालली हुती. त्यांच्या हातातून कशी काढून घेऊ?” त्यानं पिशवीची चेन ओढली, ती मध्येच अडकली. “नंतर तरी तपासून बघायला पायजे हुती, त्ये मी न्हाई केलं. आईंचा हात लागलाय, काय व्हतंय, असं वाटलं. म्हंजी माझी बी चूक हायेच की.”

“तुझी आहे तेवढी तुझी. सगळी का घेतोस?”

“आमच्या घरात त्यांचं कॅलेंडर हाय. आमची माय रोज हात जोडती त्याला. तिला काय सांगू?” तो जरा थांबला. “घरी अजून कळवलं न्हाई. टोळ्या तर समद्या गेल्या. आता गेलं तरी कुनी घ्यायचं न्हाई त्यांना.”

 सुकन्यानं टेबलावरची स्कूटीची किल्ली उचलली आणि ती सरळ पार्किंगकडे गेली. जाताना ताडपत्रीचा एक कोपरा वाऱ्यानं उडत होता, तो तिनं दगडाखाली दाबला. त्याचाही तिला राग आला. हे सुद्धा मीच करायचं.

निमश्यांचा बंगला सावेडीत होता. रंगुबाई मागच्या ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. विळी आडवी धरून तिच्या पात्यावरून कानस फिरवत होत्या. वयानं हात थरथरत असला तरी कानस धरली की तो स्थिर व्हायचा.

“ये गं. सुट्टी हाय का आज?” त्या म्हणाल्या. “सूनबाईला किती येळा सांगितलं, विळीला धार न्हाई. ती म्हनती, आई, चाकूनं चिरू. चाकूनं काय चिरतंय.”

सुकन्या समोरच्या पायरीवर बसली. वाटेत तिनं सगळं मनाशी जुळवून ठेवलं होतं. आधी तब्येत विचारायची, मग परत आलेल्या मालाचं सांगायचं, मग हळूहळू रिंगवर यायचं. त्यातलं काहीच झालं नाही.

“आई, दसऱ्याला तुम्ही जी रिंग घासली ना, तिनं सगळा माल वाया गेला.”

कानस थांबली.

“कसला माल?”

“दसऱ्यापासून चाकणला गेलेला. सगळा परत आलाय.”

“कल्यान तर म्हनला, त्यांच्याकडं जागा न्हाई म्हनून आपल्याकडं ठिवलाय.”

“नाही आई. वाया गेलाय.”

रंगुबाईंनी तिच्याकडे रोखून बघितलं. आणि मग त्यांचा राग जो उसळला, तो आधी सुकन्यावरच.

“कुंकवानं कंपनी बुडती व्हय गं? इतकी वर्सं पूजा करते मी. तवा न्हाई बुडली ती? तुमी शिकलेल्या पोरी, तुमाला देवाधर्माचं काई...”

“कुंकवानं डाग पडला, आई. तो पुसून काढता आला असता. तुम्ही पॉलिश पेपर लावला. ती रिंग घासली की मोठी होते. अगदी थोडी, डोळ्याला दिसणार नाही एवढी. पण तिच्यावरच सगळं मोजतात.”

“डाग तसाच ठिवू? दसऱ्याच्या दिवशी? हत्यारावर?”

“हो,” सुकन्या म्हणाली. “तसाच ठेवायचा होता.”

“मी जलमभर घासत आलेय. लेथचं टूल घासलं, सेंटर घासलं. कदी कुनाचं काई बिघाडलं न्हाई.”

“त्या वेळी ही रिंग नव्हती.”

 रंगुबाईंनी अंगठ्यानं विळीची धार चाचपली. 

“म्या घासताना कुनी बघितलं?” त्यांनी विचारलं.

“सगळ्यांनी.”

“रामहरीनं?”

“हो.”

“मंग त्याला कळत न्हाई व्हय, की ती घासायची न्हाई?”

“कळतं. सगळ्यांना कळतं.”

“मंग बोललं का न्हाई कुनी?”

 सुकन्यानं अमृतचं सांगितलं. त्याच्या नावानं कागद जाणार आहे, त्याला काढलंय, आणि त्यानं मान खाली घालून ते कबूल केलंय. कल्याणशेठना सगळं ठाऊक आहे, हेही सांगितलं. आता सांगायला बसलेच आहे तर काही मागे ठेवायचं नाही, असं तिला झालं होतं.

“गेटवरच्याला बी ठावं हाय?”

“हो.”

“आन् छबूला?”

“हो, आई.”

“मला सोडून समद्यांला.” रंगुबाईंनी कानस फडक्यात गुंडाळली, विळी भिंतीला लावली आणि गुडघ्यावर हात देऊन त्या उठल्या. “तुझ्या गाडीवर दोगी बसतो का आपन?”

त्या आल्या म्हटल्यावर कंपनीत एकच धावपळ उडाली. वॉचमननं सलाम ठोकला, कुणी उशी असलेली खुर्ची आणली, छबूबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. बैठकीच्या खोलीत हर्षल निघायच्या तयारीत होता. कल्याणशेठनी सुकन्याकडे अशा नजरेनं बघितलं की दुसरा कुणी असता तर तिथूनच घरी गेला असता. हर्षलनं वाकून रंगुबाईंना नमस्कार केला.

“तुमचा फोटो बघितला होता, आजी. कॅलेंडरवर.”

“बस बाबा,” रंगुबाई म्हणाल्या. त्या स्वतः बसल्या नाहीत. “रिंग म्या घासली.”

हर्षल खाली बसला.

“दसऱ्याला. पालिस पेपरनं. त्या अमृतचा काई संबंद न्हाई त्यात. त्याला काढू नका.”

रामहरीभाऊंनी रुमाल काढला आणि डोळ्यांना लावला. “बघा साहेब,” ते हर्षलला म्हणाले, “याला म्हनत्यात आई. कामगारावर बालंट आलं तर सोताच्या अंगावर घेत्यात.”

“रामहरी, बालंट न्हाई. म्या घासली. तू समोर हुतास.”

“व्हय आई, तुमी म्हनता तर व्हय.” रामहरीभाऊ रुमालातून म्हणाले. “तुमी समद्या कंपनीची माय.”

हर्षलच्या चेहऱ्यावरचा कंटाळा पार गेला होता. “खरंच. आमच्याकडे असं कुणी करणार नाही. तिकडे प्रत्येक जण दुसऱ्यावर ढकलतो.” त्यानं मोबाईल काढला. “आजी, एक फोटो घेऊ?”

“आरं, फोटू काय घेतो? लिवून घे की. म्या घासली.”

सुकन्या फळ्यापाशी उभी होती. तिचा तिच्या कानांवर विश्वास बसेना. एक माणूस येऊन स्वच्छ शब्दांत सांगतोय की हे मी केलं, आणि ते जितक्यांदा सांगतोय तितका तो मोठा होत चाललाय. तिनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात कल्याणशेठ पुढे झाले होते. त्यांनी आईचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांचे डोळे खरोखरच भरून आले होते, आणि त्यांना तर सगळं माहीत होतं.

“आई, तुझं मन किती मोठं आहे ते आम्हाला माहीत आहे. तू काळजी करू नकोस. आम्ही बघतो. तू घरी चल.”

“कल्यान, तुला ठावं हाय.”

“हो गं. चल.”

गडबड ऐकून अमृत पिशवी घेऊन दाराशी आला होता. त्यानं पिशवी खाली ठेवली आणि रंगुबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. “आई, माझ्यापायी तुमी खोटं बोलू नका,” तो म्हणाला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

रंगुबाईंनी पाय मागे घेतले. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. बाजारात हात सुटलेलं पोर जसं भोवतीच्या पायांकडे बघतं, तशा त्या एकेका चेहऱ्याकडे बघत राहिल्या.

“तुझा कंपुटर कुठाय?” त्यांनी सुकन्याला विचारलं.

सुकन्याच्या टेबलाशी एकच खुर्ची होती. ती रंगुबाईंना देऊ लागली तर त्यांनी मान हलवली. “तू बस. तुला लिवायचंय.” त्या मागे उभ्या राहिल्या, एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून.

“काय लिवलंय त्यात? वाच.”

रिपोर्ट इंग्रजीत होता. सुकन्या एकेक ओळ मराठी करून सांगू लागली. चौथ्या ‘का’पुढे कल्याणशेठनी दुपारी घातलेलं अमृतचं नाव होतं. तिनं ते वाचलं आणि पुसून टाकलं. मग नवी ओळ लिहिली आणि तीही सांगितली.

“कंपनीच्या संस्थापिका, माननीय श्रीमती रंगुबाई निमसे, यांच्याकडून पूजेच्या वेळी अनवधानानं रिंग घासली गेली.”

“अनवधान म्हंजी?”

“म्हणजे, लक्ष नसताना.”

“माझं लक्ष हुतं. चांगली मन लावून घासली म्या.”

सुकन्यानं तो शब्द पुसला.

“आन् ते पयलं काय म्हनलीस? माननीय? ते काढ.”

“बरं.”

“कंपनी काढली बिढली, ते बी काढ. चूक कोन करतं? देवाची चूक व्हती का कदी? आत्ता बघितलं न्हाई का तू? लेथवर जो उभा ऱ्हातो त्याला काय म्हनत्यात तुमच्यात?”

“ऑपरेटर.”

“मंग तेच लिव. रंगुबाई दशरथ निमसे. आपरेटर. वीस वर्सं हुते मी. कुनी काढलं न्हाई मला, सुनंच्या बाळंतपनाला म्हनून घरी बसले.”

सुकन्यानं लिहिलं.  त्या ओळीखाली तिनं आणखी एक घातली, रिंग वापरण्याआधी तपासली गेली नाही, ती जबाबदारी तपासणी विभागाची, आणि तिथं विभागप्रमुख म्हणून स्वतःचं नाव दिलं. तेही वाचून दाखवलं. रंगुबाईंनी हुंकार दिला.

दारात कल्याणशेठ येऊन उभे राहिले होते. हर्षलला गाडीपर्यंत सोडून आलेले असावेत. त्यांनी पडद्यावरचं नाव लांबूनच वाचलं.

“सुकन्या, ते तसं जाणार नाही.”

“पुडं काय हाय?” रंगुबाईंनी मागे न वळता विचारलं.

“कारवाई. म्हणजे, ज्याच्या हातून झालं त्याचं काय करणार ते लिहायचं असतं.”

“पोराला घरी बसवनार हुता.” आता त्या लेकाकडे वळल्या. “मला कुठं बसवतो रं कल्यान? घरी तर तू कदीच बसवलंय.”

 कल्याणशेठचा हात चौकटीवर होता, तो तिथंच राहिला. सुकन्यानं वाट बघितली. एरवी तिनं विचारलं असतं, सर, काय लिहू. आज तिनं विचारलं नाही. तोंडी ताकीद आणि प्रशिक्षण, असं तिनं लिहिलं, मोठ्यानं वाचलं आणि रिपोर्ट पाठवून दिला. कल्याणशेठ एक पाऊल पुढे आले आणि थांबले.

“झालं,” ती म्हणाली.

“कुठं झालं? ताकीद कोन देनार?”

“ती... मी देते. विभागाची प्रमुख म्हणून.”

“मंग दे.”

सुकन्या खुर्चीतून उठली. रंगुबाई तिच्यासमोर हात बाजूला सोडून, सरळ उभ्या होत्या. सकाळपासून ती ज्या ज्या माणसावर चिडली होती, ज्याला ज्याला मनातल्या मनात भित्रा म्हणाली होती, ते सगळे तिला एकदम आठवले.  आई, राहू द्या, एवढंच म्हणून मोकळं व्हावं, असं तिला फार वाटलं. कल्याणशेठ दारातून बघत होते आणि त्यांनाही तेच वाटत असावं.

“कल्यान, तू भाईर थांब,” रंगुबाई म्हणाल्या. “मॅडम बोलत्यात.”

ते बाहेर गेले.

“रंगुबाई,” सुकन्या म्हणाली. त्या नावानं तिनं त्यांना कधीच हाक मारली नव्हती. “मास्टर रिंगला पुन्हा हात लावायचा नाही. पूजेलाही नाही. कुणी आणून दिली तरी नाही.”

“व्हय, मॅडम.”

त्यांनी पदर नीट केला आणि ताकीद मिळाल्याची सही कुठं करायची ते विचारलं.